तीन वाक्यांसाठी रजा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या बाई मूळच्या सांगलीकडच्या. लग्न होऊन इंग्लंडला गेल्या त्याला आता चोवीस वर्षं झाली. वय ५२. तिथल्या कौन्सिलच्या ऑफिसात पक्की नोकरी, नवरा इंजिनियर, मुलगी कमावती, मुलगा युनिव्हर्सिटीत. कॉलेजात एकांकिका गाजवल्या होत्या, पण नंतर नाटक उरलं ते गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमापुरतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी संध्याकाळच्या अभिनयवर्गात नाव घातलं, एक छोटी एजंट मिळाली आणि टीव्हीवर दोन कामं झाली. एका हॉस्पिटलच्या मालिकेत पेशंटची आई (तीन वाक्यं) आणि एका पोलिसी मालिकेत दुकानदारीण (एक वाक्य आणि एक किंकाळी). मध्यंतरी लिझ स्मिथ या ब्रिटिश अभिनेत्रीबद्दल त्यांच्या वाचनात आलं. तिला पहिलं खरं काम पन्नाशीला मिळालं होतं. तेव्हापासून नोकरी सोडायचा विचार डोक्यातून जात नाही. मुलगी म्हणते, "आई, बिनधास्त सोड." नवरा म्हणतो, "तीन वाक्यांसाठी रजा काढतेस तेवढं पुरे नाही का?" घराच्या कर्जाची दोन वर्षं बाकी आहेत. आणि वर त्यांची स्वतःची खंत: "रोल येतात ते सगळे साडीतल्या आईचे. असलं काम करण्यात काही अर्थ आहे का?"

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या किंकाळीबद्दल अजून थोडं लिहायला हवं होतंत. टीव्हीवर चांगलं किंचाळणं सोपं नसतं.

आता लिझ स्मिथ. तुम्ही वाचलीत ती तिच्या आयुष्याची छोटी आवृत्ती: बाई खेळण्यांच्या दुकानात काम करत होती, फोन आला आणि नशीब उघडलं. यात खोटं काही नाही. पण या आवृत्तीत फोनच्या आधीची वर्षं गाळलेली असतात, आणि तुमच्या निर्णयाला उपयोगी पडेल असं जे काही आहे ते नेमकं त्या वर्षांत आहे. म्हणून जरा मागून सुरुवात करते.

तिचं मूळ नाव बेटी ग्लिडल. जन्म ११ डिसेंबर १९२१, लिंकनशायरमधलं स्कनथॉर्प, पोलादाच्या कारखान्यांचं गाव. आई बाळंतपणात गेली तेव्हा ही जेमतेम दोन वर्षांची. सात वर्षांची असताना वडील सोडून गेले, दुसरं लग्न केलं, पुन्हा फिरकले नाहीत. आजीनं वाढवलं. नवव्या वर्षापासून ती गावातल्या हौशी नाटकांत उभी राहायला लागली आणि वाट्याला यायच्या त्या बहुतेक म्हाताऱ्या बायका! नऊ वर्षांच्या पोरीला म्हातारीचं काम. 'साडीतल्या आई'बद्दल तुम्ही तक्रार केली आहे, तिथे ही गोष्ट आपल्याला परत लागेल.

दुसऱ्या महायुद्धात ती नौदलाच्या महिला शाखेत होती. १९४५ मध्ये लग्न, दोन मुलं, १९५९ मध्ये घटस्फोट. त्या काळच्या इंग्लंडात घटस्फोटित बाईला फार सन्मानानं वागवत असतील असं समजू नका. पदरात दोन मुलं आणि हातात येईल ते काम. प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यात ती होती, टपाल वाटायचं काम तिनं केलं. आणि संध्याकाळी? चार्ल्स मॅरोविट्झ नावाचा अमेरिकन दिग्दर्शक लंडनमध्ये नटांचा एक गट चालवत होता, तिथे ती तालमींना जायची. पात्राच्या भावना स्वतः जगून अभिनय करायच्या 'मेथड' पद्धतीचा सराव, जागच्या जागी प्रसंग उभे करणं. यातून मिळकत जवळजवळ शून्य, आणि नाव तर त्याहून कमी. हे वर्षानुवर्षं चाललं.

१९७० मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर हॅम्लीज या खेळण्यांच्या दुकानात ती विक्रेती होती, तेव्हा माइक ली यांचा निरोप आला. आज हे नाव मोठं आहे. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचे होते आणि पहिल्याच चित्रपटाची जुळवाजुळव करत होते. त्यांची पद्धत अशी की आधी लिहिलेली संहिता नाही. नटांनी आठवडेच्या आठवडे पात्र जगायचं, त्यातून प्रसंग आणि संवाद निघणार. त्यांना अशी मध्यमवयीन बाई हवी होती जिला हे जमेल. आता तुम्हीच सांगा, त्या वेळच्या लंडनमध्ये रंगमंचाची तालीम घेतलेल्या पन्नाशीच्या अभिनेत्री भरपूर असतील, पण संहिता हातात नसताना उभं राहायची वर्षानुवर्षांची सवय असलेल्या किती? फोन आला हा योगायोग. पण तो बरोबर माणसाला लागला. चित्रपट १९७१ मध्ये आला. १९७३ मध्ये त्याच दिग्दर्शकानं बीबीसीसाठी केलेल्या 'हार्ड लेबर' या नाट्यपटात ती मुख्य भूमिकेत होती: घरी राबणारी आणि दुसऱ्यांच्या घरी साफसफाई करणारी मिसेस थॉर्नली, जी जवळजवळ काही बोलतच नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे. लिझ स्मिथनं झेप घेतली म्हणून आपणही घ्यावी. पण तिनं झेप घेतलीच नव्हती. तिनं पक्की नोकरी सोडली नाही, कारण पक्की नोकरी तिच्याकडे नव्हतीच. तिच्याकडे होती ती कधीही टाकून जाता येतील अशी कामं, आणि ती तिला परिस्थितीनं दिली होती, हौसेनं घेतलेली नव्हती. त्यामुळे "सोडू की नको" हा प्रश्न तिच्या आयुष्याला विचारून उत्तर मिळणार नाही. तिच्याकडून घेण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: मंगळवारी दुपारी एजंटचा फोन आला की गुरुवारी सकाळी शूटिंग आहे, तर तुम्ही मोकळ्या असाल का? या धंद्यात हजर राहता येणं ही अर्धी लायकी आहे. हुशार पण रजा न मिळणाऱ्या नटीपेक्षा बरी पण मोकळी नटी कास्टिंगवाल्याला परवडते.

आणखी एक कटू गोष्ट सांगूनच टाकते. ज्यांना फोन आला त्यांच्याबद्दल आपण वाचतो. त्याच तालमींना तितक्याच निष्ठेनं जाणारे आणि शेवटपर्यंत दुकानातच राहिलेले कितीतरी असतील, त्यांचे मृत्युलेख कोण लिहितं? धीर धरला की फळ मिळतं, असं या गोष्टीवरून सिद्ध होत नाही. फळ मिळालं नसतं तरी त्या संध्याकाळी फुकट गेल्या असं तिला वाटलं असतं का, हे आपल्याला माहीत नाही. पण तुम्हाला वाटेल का, हे तुम्ही स्वतःला विचारू शकता. फोन कधीच आला नाही तरी तुमचा अभिनयवर्ग तुम्हाला हवा आहे का? उत्तर 'हो' असेल तर पुढचं वाचा. 'नाही' असेल तर नोकरी सोडण्याचा विचार आजच सोडा. हे मी रागावून म्हणत नाही.

आता 'उशीर' या शब्दाकडे. लिझ स्मिथला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला १९८५ मध्ये, 'अ प्रायव्हेट फंक्शन' या चित्रपटातल्या सहायक भूमिकेसाठी. वय ६३. 'द व्हिकार ऑफ डिबली' या विनोदी टीव्ही मालिकेतली लेटिशिया क्रॉपली तिनं केली ती सत्तरीत. ही गावातली हौशी स्वयंपाकीण. तिची केकची मिश्रणं अशी की पाहुण्यानं तोंडात घास घेतला की पुढचा विनोद त्याच्या चेहऱ्यावर आपोआप घडतो. १९९६ च्या ईस्टरच्या भागात ती मरते आणि मरताना गावातल्या एकेकाला बोलावून गुपचूप सांगते की यंदा ईस्टरचा ससा, म्हणजे मुलांसाठी अंडी ठेवून जाणारा, तू हो. परिणाम असा की अख्खं गाव एकाच रात्री सशाच्या वेषात बाहेर पडतं. आणि ज्या भूमिकेमुळे ती ब्रिटनमध्ये घरोघरी पोचली, 'द रॉयल फॅमिली' या मालिकेतली (रॉयल हे त्या साध्या कुटुंबाचं आडनाव) आजी, नाना, ती १९९८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती ७६ वर्षांची होती. म्हणजे त्या फोननंतरही मधे जवळपास अठ्ठावीस वर्षं छोटीमोठी कामं. तुमच्या हिशेबात पन्नाशीला ब्रेक म्हणजे पन्नाशीला पोचणं. तिच्या हिशेबात ती फक्त सुरुवात होती.

उलटं उदाहरण अरनॉल्ड रिडली या ब्रिटिश नाटककार-नटाचं. जन्म १८९६, बाथ. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत गंभीर जखमी. पुढे तिशीच्या आत 'द घोस्ट ट्रेन' हे नाटक लिहिलं आणि ते तुफान चाललं. तरुणपणीच सगळं मिळालं म्हणावं असं. तरी आज ब्रिटिश प्रेक्षक त्यांना ओळखतो तो 'डॅड्स आर्मी' या विनोदी टीव्ही मालिकेतला म्हातारा गॉडफ्री म्हणून, सारखी लघवीला जायची परवानगी मागणारा मवाळ शिपाई. ही मालिका १९६८ मध्ये सुरू झाली तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. एका भागात कळतं की पहिल्या महायुद्धात गॉडफ्रीनं शस्त्र उचलायला नकार दिला होता, पण जखमींना उचलून आणल्याबद्दल त्याला पदक मिळालं होतं. हे काम करणारा माणूस खंदकातून खरोखर जखमा घेऊन आलेला. चरित्र भूमिकांना वयाचं हे भांडवल लागतं आणि ते विशीतल्या नायकाकडे नसतं. तुमच्याकडे आहे.

'तीन वाक्यं' या शब्दांत तुमच्या यजमानांनी जे सगळं बसवलं, त्यावर जरा थांबू या. 'रॉयल फॅमिली' तुम्ही पाहिली असेलच. नसेल तर अभिनयवर्गाच्या फीपेक्षा स्वस्तात शिकायला मिळेल. मँचेस्टरमधल्या एका घराची बैठकीची खोली, सोफ्यावर टीव्ही बघत बसलेलं कुटुंब, पार्श्वभूमीला हशा नाही. नाना बहुतेक वेळ खुर्चीत बसून असते. २००६ च्या विशेष भागात तिचं आजारपण येतं, खाट त्याच बैठकीच्या खोलीत आणून टाकलेली आहे आणि मुलगी बार्बरा, म्हणजे सू जॉन्स्टन, तिचे केस नीट करून देते. संवाद अगदी साधे. हा प्रसंग आवाज बंद करून पाहा. लिझ स्मिथचं लक्ष मुलीच्या हातांकडे, तिच्या बोलण्याकडे. ती ऐकते. बस, एवढंच करते. आणि शेजारचीचा अभिनय त्यामुळे दुप्पट चांगला दिसतो. तुमच्या हॉस्पिटलच्या प्रसंगात कॅमेरा बहुधा तुमच्या टीव्हीवरच्या मुलाच्या तोंडावर असेल. त्या मुलाला जे रडू आलं ते कुणाकडे बघून आलं? पुढच्या वेळी वाक्यं मोजू नका, समोरच्याला काय दिलं ते मोजा. कास्टिंगवाले आणि दिग्दर्शक तेच लक्षात ठेवतात, आणि छोट्या रोलचा नट परत बोलावला जातो तो त्यावरच.

राहिली साडीतली आई. तुमची तक्रार अर्धी खरी आहे, अर्धी नाही, आणि दोन्ही अर्धे वेगळे ठेवायला हवेत. वयानं, चेहऱ्यानं, वेषानं साच्यात बसणं हा चरित्र नटाचा अपमान नव्हे. तो त्याचा दरवाजा आहे. लिझ स्मिथ नऊ वर्षांची असल्यापासून म्हातारीच होती. मीरा स्याल यांनी 'द कुमार्स अॅट नंबर ४२' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतली खट्याळ आजी केली तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. झोहरा सेहगल मुंबईत पृथ्वी थिएटर्समध्ये चौदा वर्षं घालवून १९६२ मध्ये लंडनला गेल्या आणि ब्रिटिश टीव्हीवर त्यांची मोठी भूमिका, 'द ज्युएल इन द क्राउन'मधली लेडी चॅटर्जी, आली १९८४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. तीही साडीतलीच होती. कुणाला साडी आठवत नाही, त्या बाईचा रुबाब आठवतो.

पण जिथे तुमचे उच्चार हाच विनोद आहे आणि पात्राला दुसरं काही करायलाच नाही, तिथे तुमचा राग योग्य आहे. 'माइंड युअर लँग्वेज' ही परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गावरची विनोदी मालिका आपल्याकडे अजून आवडीनं बघतात; १९७७ ते १९७९ या काळात ती ब्रिटनमध्ये चालली आणि ठोकळेबाज चित्रणाबद्दल तिथल्याच वाहिनीच्या वरिष्ठाला ती खटकली, म्हणून बंद झाली. त्यात सतत विणकाम करणारी भारतीय गृहिणी करणाऱ्या जमीला मॅसी पुढेही रेडिओवर आणि टीव्हीवर काम करत राहिल्या. त्यांनी तो रोल केला म्हणून त्यांना आज नावं ठेवणं सोपं आहे. त्या काळी येणारे रोलच किती होते? तुमच्या काळात निवड थोडी जास्त आहे. माझी कसोटी साधी: संहिता वाचताना विचारा, या बाईला या प्रसंगात काही हवं आहे का? मुलगा वाचायला हवा आहे, गल्ला वाचवायचा आहे, काहीही. हवं असेल तर करा, मग साडी असो की नाइटी. नसेल, ती नुसती हसायला ठेवली असेल, तर एजंटला एका ओळीत नाही म्हणून कळवा. कारणं देत बसू नका.

आता व्यवहार. राजीनामा देऊ नका, निदान कर्ज फिटेपर्यंत. पण आहे तसंही चालू ठेवू नका. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क आहे, आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पाच दिवसांचे तास चार दिवसांत बसवून मागा, किंवा पगार थोडा कमी होत असला तरी चारच दिवस मागा. अर्जात 'अभिनय' लिहिण्याची सक्ती नाही. कौन्सिलची पेन्शन योजना तास कमी केले तरी त्या प्रमाणात चालू राहते. राजीनाम्यानं ती तिथेच थांबते. सरकारी पेन्शनचं वय तुमच्या पिढीला ६७ आहे आणि पूर्ण रक्कम मिळायला साधारण ३५ वर्षांचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याचे हप्ते) लागतो. मुलं लहान असताना तुम्ही घरी होतात का, त्या वर्षांची नोंद नीट झाली आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. अभिनयाची मिळकत करवर्षात एक हजार पौंडांच्या वर गेली की स्वयंरोजगार म्हणून नोंद करावी लागते, हेही विसरू नका.

मोकळ्या झालेल्या दिवसाचं काय करायचं? तिथली मेडिकल कॉलेजं विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी पेशंटचं सोंग घेणारे नट पैसे देऊन बोलावतात. दिवसभर एकच दुखणं वीस जणांसमोर तितक्याच खरेपणानं सांगायचं. याहून चांगली तालीम मी तरी ऐकलेली नाही. इक्विटी ही नटांची युनियन आता पूर्वीसारखी बंद दाराची राहिलेली नाही. तुमच्यासारख्या मानधन मिळालेल्या कलाकाराला सभासद होता येतं आणि करारातली बारीक अक्षरं वाचून घेता येतात. कास्टिंगवाले चेहरे शोधतात ते स्पॉटलाइट या नटांच्या ऑनलाइन सूचीवर, तिथे तुमचे फोटो चालू वर्षाचे ठेवा. केस रंगवणं थांबवलंत तर नवे काढा. एजंट तुमच्या मानधनातून टक्के घेते ते ठीक. आधी पैसे भरा म्हणणारा भेटला तर लांब राहा.

पुण्या-मुंबईच्या ज्या वाचकांचा प्रश्न असाच आहे त्यांना एवढंच: आपल्याकडे गणित वेगळं आहे. डेली सोपची शिफ्ट बारा तासांची, सेट मढला नाहीतर घोडबंदरला, आणि केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी हातात येणं हा रिवाज. तेव्हा नोकरी सोडण्याआधी निदान सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवा.

यजमानांबद्दल. त्यांचं वाक्य टोचलं हे कळतं, पण त्या वाक्यात टोमणा किती आणि कर्जाची काळजी किती, हे तुम्ही अजून त्यांना विचारलेलं दिसत नाही. वरचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा; काळजी असेल तर तिथे मिटेल. टोमणा असेल तर त्यांना कामाला लावा. हल्ली ऑडिशन घरूनच, मोबाइलवर चित्रित करून पाठवायची असते आणि समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कुणीतरी लागतं. इन्स्पेक्टर, डॉक्टर, जो कुणी असेल तो त्यांना वाचू द्या. फक्त त्यांना मोबाइलच्या मागे दोन पावलं उभं करा आणि हळू वाचायला सांगा. वाचणारा फोनजवळ असला की रेकॉर्डिंगमध्ये त्याचाच आवाज घुमतो आणि तुमची तीन वाक्यं ऐकू येत नाहीत.